हिवाळ्यात घेतलेली आखाजी

ताईच्या सासरी, धुळ्याला, फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. ताईचे हात कणकेत नाहीतर भांड्यांत असतात, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला असतो, आणि स्वयंपाकघराला लागूनच अक्कांची खाट आहे. अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. त्यामुळे मी जळगावहून जे बोलते ते ताईला, अक्कांना आणि घरी असतील तर दाजींनाही एकदमच ऐकू जातं. मी मुळात कमी बोलणारी. स्पीकरवर तर माझं बोलणं "जेवलात का" आणि "ठेवते मग" यांच्या मध्येच कुठेतरी संपतं.

आखाजीचं ठरलं तेही असंच, सगळ्यांच्या देखत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी लोक सोनं घेतात, आमरस करतात. आमच्या खानदेशात त्या दिवसांत लेकी माहेरी येतात. माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो. कडुलिंबाला झोके बांधतात. आता शहरात झोके फारसे राहिले नाहीत, पण दिवस राहिले आहेत. त्या दिवसांत लेक किती वाजता उठली, काय खाल्लं, दुपारभर कुठे होती, हे कुणी विचारत नाही. जावयानेसुद्धा नाही. ताईचं लग्न झाल्यापासून तिच्या वर्षात स्वतःचे असे तेवढेच आठ दिवस असतात. बाकीचं वर्ष मुलीच्या शाळेचं, अक्कांच्या औषधांचं, दाजींच्या दुकानाचं, शेतातल्या कापसाचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं.

गेल्या आखाजीला अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ताई आलीच नाही. आईने फोनवर विचारलं, "मग यंदा नाहीच का तुझी आखाजी?"

"राहू दे गं आई," ताई म्हणाली.

आणि खाटेवरून अक्कांचा आवाज आला. त्या घरात अहिराणीच बोलतात. "राहू दे कसाले? तिनी आखाजी मन्हाकडे ऱ्हायनी. कापूस निंघी जाऊ दे, मंग आठ दिन लई ले म्हना."

आईने हे ऐकून मान डोलावली, जणू अक्का समोर बसल्या होत्या. मी त्या वेळी लॅपटॉपवर काम करत होते. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी जळगावहून, घरून करते, आणि माझं टेबल आईच्या फोनच्या टप्प्यात आहे. मला वाटलं, ऑपरेशनच्या गडबडीत म्हटलं असेल, कोण लक्षात ठेवणार. पण ताईने लक्षात ठेवलं होतं.

दिवाळीला ती एका रात्रीसाठी जळगावला आली. आम्ही गच्चीवर पणत्या लावत होतो. खाली गल्लीत मुलं फटाके फोडत होती.

"कापूस निघाला की माझे आठ दिवस," ती म्हणाली. "जानेवारीत. संक्रांतीच्या आत परत यायचं."

"ये ना. आई खूश होईल."

"इथे नाही येत. इथे आले की आई मला लाडू वळायला बसवते."

जिन्यातून आईचा आवाज आला, "कधी बसवलं गं मी?"

"आत्ता दुपारी!"

आई वर आलीच नाही. ताईने काडेपेटी माझ्या हातात दिली. "मला समुद्रात बसायचंय. गळ्यापर्यंत पाण्यात. आणि कुणी हाक मारायला नको."

"गोवा?"

"गोव्यात तर हाक मारणारेच जास्त. मागच्या वर्षी हे मित्रांबरोबर गेले, तर एकाच बीचवर आमचा विमा एजंट, गल्लीतला मेडिकलवाला आणि दोन चुलत मेव्हणे. धुळ्यात भेटत नाहीत तेवढे तिथे भेटले."

मी हसले. ती मात्र गंभीर होती. पणतीच्या उजेडात तिचा चेहरा मला लहानपणीसारखा दिसला. लहानपणी तिला काही हवं असलं की ती कधी मागत नसे, नुसती त्या वस्तूजवळ उभी राहत असे. तेव्हा मी ठरवलं की या वेळी तिला नुसतं उभं राहायला लावायचं नाही. माझ्या रजा शिल्लक होत्या, नोकरीला लागून काही वर्षं झाली होती आणि मी अजून स्वतःच्या मनाने कुठेच गेले नव्हते.

ग्रीसचं बेट मी निवडलं. कसं निवडलं हे सांगायला थोडी लाज वाटते, कारण त्यात काही विचार नव्हता. एका फोटोत पांढरी घरं होती, निळं दार होतं, आणि दारापासून पायऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या. मला वाटलं, ताई त्या शेवटच्या पायरीवर बसू शकेल. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे उन्हाळी सहलीचं लाडकं ठिकाण आहे. मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात जे चित्र तयार झालं ते असं, की या जागी उन्हाळा राहतो. म्हणजे आपण कधीही जावं, तो तिथे असणारच.

आता हसू येतं, पण ही चूक मला आमच्या हवेनेच शिकवली आहे. जळगाव-धुळ्याच्या माणसाला चांगले दिवस म्हणजे हिवाळा. शेतात भरताच्या पार्ट्या हिवाळ्यात, लग्नं हिवाळ्यात, पाहुणे हिवाळ्यात. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून शेतातच जेवायचं, ते थंडीतच. उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी येत नाही आणि आम्हीही दुपारी दाराबाहेर पडत नाही. गोव्याचा मोसम हिवाळ्यात, कोकणाचा हिवाळ्यात. मग समुद्राला जायचं तर जानेवारीतच जायचं, यात शंका घेण्यासारखं मला काही दिसलं नाही. विमानाची तिकिटंही जानेवारीत उतरलेली दिसली. मला वाटलं, नव्या वर्षाची गर्दी सरली म्हणून असेल.

आईने एकदा विचारलं होतं, "पण तिकडे जानेवारीत थंडी नसते का गं?"

"उन्हाळी ठिकाण आहे ते, आई," मी म्हटलं, आणि आईचं समाधान झालं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीवर आमच्या घरात फार विश्वास आहे.

त्या शाळेत भूगोल होता. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात हिवाळ्यात पाऊस पडतो, हे वाक्य मी इंग्रजीत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला गुणही मिळाले होते. तो पाऊस कुणाच्या तरी डोक्यावर पडत असेल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

तयारी सुरू झाली. व्हिसासाठी मुंबईला एक फेरी झाली, दाजी बरोबर आले आणि सगळा वेळ बाहेर उभे राहून दुकानातल्या माणसांशी फोनवर बोलत राहिले. व्हिसाला अथेन्सच्या हॉटेलचं बुकिंग दाखवलं, बेटावरची खोली नंतर पाहू म्हटलं. पोहण्याचा पोशाख, हात-पाय पूर्ण झाकणारा, ताईने ऑनलाइन मागवला तो जळगावच्या पत्त्यावर, कारण धुळ्याच्या घरी पार्सल आलं की जो दाराजवळ असेल तो उघडतो. आईने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, बांधून ठेवल्या, दादर ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी केली, आणि एक दिवस मला विचारलं, "तिकडे वांगी मिळतात का?"

"मिळतात. ते लोकही भाजून खातात."

"मग बरं. म्हणजे माणसंच आहेत," आई म्हणाली आणि निश्चिंत झाली.

व्हिसा आला. मग मी निळ्या दाराच्या घराला पत्र लिहिलं. ते एका बाईंचं, भाड्याने खोल्या द्यायचं छोटं घर होतं आणि पानावर फक्त ईमेलचा पत्ता होता. मी लिहिलं की आम्ही दोघी बहिणी आहोत, समुद्र दिसेल अशी खोली हवी, आणि पायऱ्या खरंच पाण्यात उतरतात का.

उत्तर डिसेंबरच्या मध्यावर, एका सकाळी आलं. बाईंचं इंग्रजी साधं होतं, माझ्यापेक्षा सोपं. पायऱ्या खऱ्या आहेत, त्यांनी लिहिलं होतं. पण तुम्ही जानेवारी लिहिलं आहे, ते चुकून का? आमचं घर ऑक्टोबरअखेर बंद होतं आणि ईस्टरला उघडतं. हॉटेलंही तेव्हाच बंद होतात. बोट आठवड्यातून एखाददोनदा येते, वारा असेल तर तीही नाही. पाऊस असतो. समुद्र गार असतो आणि लाटा पायऱ्या चढून दारापर्यंत येतात. आम्ही नवरा-बायको त्या दिवसांत जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागेत असतो. तुम्हाला पोहायचं असेल तर जूनमध्ये या.

मी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आमचं नेहमीचं डिसेंबरचं कोवळं ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. मला एकदम वाटलं, एखाद्या परक्या देशातल्या दोन बहिणींनी फार विचार करून, नकाशे पाहून, मे महिन्यात जळगावला यायचं ठरवलं असतं, तर मी त्यांना काय लिहिलं असतं? हेच. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. डांबर चपलेला चिकटतं. तुम्ही मे लिहिलं आहे, ते चुकून का?

आईला सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "मग जूनमध्ये जा."

"जूनमध्ये तिला कोण सोडेल?"

जूनमध्ये शाळा सुरू होते, पेरण्या असतात. त्याआधी पापड, सुट्टीचे पाहुणे. अक्कांनी दिलेले आठ दिवस कापूस निघाल्यानंतरचे होते. ते आत्ता घेतले नाहीत तर पुढच्या आखाजीत विरघळून जातील आणि पुढच्या आखाजीला पुन्हा काही निघेल. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. बेट बंद होतं याचं मला फारसं दुःख नव्हतं. ताईचे दिवस जाणार, याची भीती होती. आणि हे स्पीकरवर सांगता येणार नव्हतं.

मी धुळ्याची बस धरली. वाटेत पारोळ्यापर्यंत कापसाने भरलेल्या गाड्या पुढेमागे होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. मी मनात वाक्यं जुळवत होते. मराठीत जुळवलेली वाक्यं मला नेहमी परक्या माणसाने लिहून दिल्यासारखी वाटतात. शेवटी मी ती सोडून दिली.

अक्का ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्याला गरम पट्टा बांधून. "ये वं इंग्रजीवाली," त्या म्हणाल्या. "एकलीच उनी का? मुराळी आतेच उनी? आजून येळ शे ना."

मला अहिराणी सगळी समजते, बोलता येत नाही. मी मराठीत म्हटलं, "सहज आले अक्का, ताईला भेटायला."

"सहज कोणी जळगावहून येस का? बस. चहा ले."

चहा झाला. ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल, गच्चीवरचे कपडे काढून आणू." कपडे अजून ओले होते. अक्कांनी एक भुवई वर केली.

गच्चीवर मी तिला सगळं सांगितलं. पत्र मोबाइलवर दाखवलं. ती हळूहळू वाचत होती, ओठ हलवत.

"म्हणजे काय काय बंद?" तिने विचारलं.

"हॉटेलं. बरीचशी दुकानं. बोट कधी असते, कधी नसते. पोहता येणार नाही. पाऊस."

"रोज?"

"रोज नाही. पण असतो."

"माणसं असतात ना?"

"असतात. थोडी."

ती ओल्या साडीचा काठ पिळत राहिली. थेंब पडायचे थांबले तरी पिळत राहिली. "आणि ही बाई काय करते तेव्हा?"

"जैतून वेचते."

"हं," ताई म्हणाली. एवढंच. मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण भाची आमच्या मागे कधी आली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. ती चौथीत आहे आणि बातमी पोचवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज गेला आणि पाठोपाठ खालून तिचा आवाज, "अक्का! आईचं बेट बंद आहे!"

"बंद?" अक्का. "बेट कसं बंद व्हई?"

आम्ही खाली आलो तेव्हा दाजीही दुकानातून जेवायला आलेले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं की माझी वाक्यं लहान होतात. मी म्हटलं, "तिकडे हिवाळ्यात पाऊस असतो. मोसम उन्हाळ्याचा असतो. मला कळलं नाही."

"हिवाळामा पानी?" अक्कांचा चेहरा बदलला. त्या घरात हिवाळ्यातला पाऊस म्हणजे अवकाळी, आणि तो शब्द कापूस घरात येईपर्यंत कुणी उच्चारत नाही. "दरसाल?"

"हो. दरवर्षी."

"मंग त्यासना कापूस?"

"कापूस नसतो तिकडे. जैतून असतं. फळ असतं एक, त्याचं तेल काढतात."

"ते पानीमा वेचतस?"

"पाऊस थांबला की वेचतात."

अक्कांनी मान हलवली. त्या लोकांचं काय होत असेल याची काळजी त्यांना खरोखर वाटत होती. दाजी हात धुऊन पाटावर बसले. ते चांगले आहेत, हे मला आधीच सांगितलं पाहिजे होतं. ते मोठ्याने बोलतात, पण कुणाला तोडून बोलत नाहीत.

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं?" ते म्हणाले. "गोवा करू. सगळेच जाऊ. अक्कालाही समुद्र दाखवू, गाडीने आरामात. मी दुकान बंद ठेवतो तेवढे दिवस. काय?"

भाची उडी मारून म्हणाली, "गोवा! गोवा!"

इतक्या चांगल्या मनाने कुणी काही देऊ करतं तेव्हा नाही म्हणायला जागाच राहत नाही. ताई त्यांना वाढत होती. भाकरी तिच्या हातात तशीच राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला गोव्याची पूर्ण सहल दिसली. अक्कांच्या औषधांची पिशवी, भाचीचे ओले कपडे, दाजींचे मित्र, सकाळी सातला "चहा झाला का", आणि समुद्राकडे पाठ करून कुणाला तरी वाढणारी ताई. मी बोलायला हवं होतं. मला शब्द सापडत नव्हते, ना मराठीत, ना इंग्रजीत.

ताईने भाकरी दाजींच्या ताटात ठेवली.

"तुम्ही जा गोव्याला," ती म्हणाली. "मी बंद बेटावर जाते."

दाजी हसले. मग तिच्याकडे पाहून थांबले. "अगं, पण तिथे पाऊस आहे. पोहणं नाही, हॉटेल नाही. करणार काय तुम्ही दोघी?"

"माहीत नाही. उशिरा उठेन."

"उशिरा उठायला ग्रीसला जायचं?"

"इथे उशिरा उठले तर तुम्ही विचारता, बरं नाही का."

ती हे अजिबात रागाने म्हणाली नाही. मीठ देऊ का विचारावं तशा आवाजात म्हणाली. दाजींनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. भाचीने आधी आईकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं.

ओसरीतून अक्का म्हणाल्या, "का रे, आखाजीले जवाई मांगेमांगे जास का?"

"अक्का, ही काय आखाजी आहे? जानेवारीत?"

"मी दिन्ही ना? मंग आखाजीच शे. ती कोठे बी घेवो."

"पण तिथे बघायला काही नाही म्हणतात ना!"

अक्कांनी गुडघ्यावरचा पट्टा सैल केला. "हिवाळाना पानी उना का आम्ही कापूस झाकाले पयतस," त्या म्हणाल्या. "जनमभर पयतच ऱ्हायनूत. निसतं बशीसन कधी पाह्यं नही. हाई पाही ईन. काय बिघडस?"

म्हणजे जन्मभर ज्या पावसात त्या नुसत्या पळत राहिल्या, तो ताईने बसून पाहून यावा. दाजींनी तो घास खाल्ला. मग म्हणाले, "बरं. मुंबईला विमानतळापर्यंत मी सोडीन. एवढं तर चालेल ना आखाजीत?"

"बाहेरूनच फिर," अक्का म्हणाल्या.

"बाहेरूनच सोडतात अक्का, आत जाऊ देत नाहीत."

"मंग बरं शे."

ताई स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेले तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी होती, दोन्ही हात ओट्यावर टेकवून, आणि काही करत नव्हती. तिला मी फारसं कधी काही न करताना पाहिलेलं नाही. मी शेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या बाईंना विचार, बारा महिने माणसं राहतात असं गाव कुठलं आहे ते."

मी तिथेच उभ्याने लिहिलं. लिहिलं की जानेवारी चुकून नाही. आम्हाला पाऊस चालेल. उत्तर दुसऱ्या दिवशी मी अजून धुळ्यातच असताना आलं. शेजारच्या मोठ्या बेटावरच्या बंदराच्या गावी त्यांची नणंद दोन खोल्या देते, शेगडी आहे, सकाळी ब्रेडवाला येतो, आणि वारा नसला तर ते नवरा-बायको एखाद्या रविवारी तिकडे येतील. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती, की चांगले बूट आणा, आणि पावसाचे कपडे असे आणा जे खरोखर पावसाचे असतील.

म्हणून मी जळगावला निघण्याआधी त्या दुपारी आम्ही बाजारात गेलो. ताई भाचीला घेऊन आली नाही. दुकानात स्वेटर आणि कानटोप्या बाहेर टांगलेल्या होत्या. दुकानदाराने आम्हाला पाहताच शाली काढायला घेतल्या.

"रेनकोट आहे का?" ताईने विचारलं.

"रेनकोट?" त्याने बाहेर उन्हाकडे पाहिलं. "ताई, डिसेंबर चालू आहे."

"हो."

"शाळेत काही नाटकबिटक आहे का? लहान मापाचा बघू?"

"नाही. मला हवाय. माझ्या मापाचा."

तो माळ्यावर चढला. वरून खोके सरकवण्याचा आवाज आला, मग धूळ, मग त्याच्या शिंका. दोन निघाले. एक काळा, पुरुषी, खांद्यांत फार रुंद. दुसरा गर्द हिरवा, टोपीचा, घड्यांच्या जागी थोडा फिकट झालेला. ताईने हिरवा अंगात घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली, टोपी वर घेतली आणि आरशात पाहिलं. दुकानात आणखी दोन बायका स्वेटर बघत होत्या, त्या बघायचं थांबल्या. एरवी अशा वेळी मी दुसरीकडे पाहते. या वेळी पाहिलं नाही.

"मागच्या पावसाळ्यातला आहे," दुकानदार म्हणाला. "माल एकदम चांगला."

"पाणी आत येत नाही ना?"

"एक थेंब नाही."

ताईने माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली. आरशाजवळून सरकून दाराच्या पायरीवर गेली, हात बाहेर उन्हात धरला आणि दंडावर पाणी ओतलं. पाणी बाहीवरून घरंगळून रस्त्यावर पडलं. दुकानदार काउंटरवरून वाकून पाहत होता. ताईने एक बटण काढलं, दुसरा हात आत घातला आणि बोटांनी चाचपून पाहिलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. मग वळून त्याला म्हणाली, "अजून एक काढा. हिला पण लागेल."